शत्रूच्या कानात बोलणारी नळी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

४ डिसेंबर १९७१ची रात्र. भारतीय नौदलाच्या तीन छोट्या क्षेपणास्त्र नौका कराचीच्या दिशेने निघाल्या होत्या. निपात, निर्घात आणि वीर ही त्यांची नावे. नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या आणि त्यांच्यावरची माणसे सोव्हिएत संघात शिकून आलेली होती. त्यामुळे बिनतारी संचावर आपसात बोलताना ती रशियनमध्ये बोलत होती, असे सांगतात. कुणी चोरून ऐकलेच तर त्याला कळू नये, की हे कोण आणि कुठले. त्या रात्री निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडवली. पहिला दणका बसल्यावर खैबरने आपल्या मुख्यालयाला जो संदेश पाठवला, त्यात शत्रूच्या विमानांनी हल्ला केल्याचे म्हटले होते. आपल्यावर नेमके काय येऊन आदळले, हेच त्या बिचाऱ्यांना कळले नव्हते.

ही हकिकत आपण दर वर्षी नौदल दिनाला ऐकतो. क्षेपणास्त्रांचे कौतुक होते, नौकांवरच्या शूरांचे होते आणि ते योग्यच आहे. पण तिच्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. क्षेपणास्त्राच्या नाकात एक छोटे रडार असते. ते लाटा सोडते, जहाजावर आपटून परत आलेल्या लाटा ऐकते आणि त्या रोखाने धावत सुटते. खैबरला त्या लाटा ऐकू येत नव्हत्या. आणि ऐकू आल्या असत्या, तरी त्यांना उत्तर द्यायला तिच्याकडे काही नव्हते. जिला कान नाहीत आणि वाचाही नाही, अशा माणसाला अंधारात गाठावे, तसे ते झाले.

याच क्षेपणास्त्राची आणखी दोन युद्धे पाहा. त्याचे पाश्चात्त्यांनी ठेवलेले नाव स्टिक्स. २१ ऑक्टोबर १९६७ रोजी इजिप्तच्या नौकांनी पोर्ट सैदजवळ स्टिक्स डागून इस्राएलची आयलात ही विनाशिका बुडवली. सत्तेचाळीस खलाशी गेले. जगभरच्या नौदलांची झोप उडाली. इस्राएलने मात्र बसून न राहता पुढची सहा वर्षे या क्षेपणास्त्राला फसवण्याची विद्या शिकण्यात घालवली. ऑक्टोबर १९७३च्या युद्धात सीरिया आणि इजिप्तच्या नौकांनी मिळून पन्नासहून अधिक स्टिक्स सोडली. एकही लागले नाही. क्षेपणास्त्र तेच होते. फरक पडला तो समोरच्या जहाजांत. त्यांनी धातूच्या पट्ट्यांचे ढग हवेत उडवले आणि जॅमर चालवले, म्हणजे शत्रूच्या रडारच्या कानात खोटे बोलणारी यंत्रे. या विद्येला इलेक्ट्रॉनिक युद्ध म्हणतात. तिच्या पोटात अनेक वर्षे एकच वस्तू धडधडत आली आहे, एक निर्वात नळी. आज त्या नळीची कथा सांगायची आहे.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही, कवितेचा माणूस आहे. पण भिवंडीत राहणाऱ्याला जॅमिंग म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. यंत्रमागाच्या कारखान्यात एकदा जाऊन उभे राहा. चाळीस-पन्नास माग एकदम खडखडत असतात. शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. कारागीर मग ओठांच्या हालचालीवरून आणि हातांच्या खुणांवरून बोलतात. जॅमिंगचा पहिला प्रकार हाच. शत्रूच्या रडारला जी बारीक प्रतिध्वनीची कुजबुज ऐकायची असते, तिच्यावर गोंगाट ओतायचा. दुसरा प्रकार जास्त कावेबाज आहे. त्याकडे नंतर येऊ.

गोंगाट करायचा तर आवाज मोठा हवा. पण नुसता मोठा असून भागत नाही, तो शत्रूच्या सुरातही हवा. रडार ठरावीक कंपनसंख्येवर ऐकते. मुंबई केंद्राला लावलेल्या रेडिओवर पुणे केंद्राचा गोंगाट ऐकू येणार नाही, तसेच हे. शत्रू कुठला सूर लावील, हे आधी कुणी सांगत नाही आणि लढाईच्या मधेच तो सूर बदलतो. म्हणून जॅमर बनवणाऱ्याला असा अॅम्प्लिफायर लागतो, जो मायक्रोवेव्ह लाटांच्या रुंदच्या रुंद पट्ट्यात, खर्जापासून तारसप्तकापर्यंत, कुठलाही सूर आला तरी तो हजारो पटींनी वाढवून देईल. आणि तेही क्षणार्धात, कुठलेही बटण न पिळता. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला असा अॅम्प्लिफायर जगात कुठेच वापरात नव्हता.

त्या काळात या विद्येची पंढरी होते इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठ. तिथल्या पदार्थविज्ञान विभागात मार्क ऑलिफंट यांच्या हाताखाली जॉन रँडल आणि हॅरी बूट या दोघांनी फेब्रुवारी १९४०मध्ये मॅग्नेट्रॉनचा नवा प्रकार चालवून दाखवला. तांब्याच्या ठोकळ्यात पोकळ्या कोरलेली ही नळी दहा सेंटिमीटर लांबीच्या लाटा जोरात फेकत होती. त्याच वर्षी ब्रिटिशांनी तिचा एक नमुना पत्र्याच्या पेटीत घालून अमेरिकेला नेला. आज आपल्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये बसलेली नळी ही तिचीच लेक. पण मॅग्नेट्रॉन एकाच सुरात गर्जतो. दुसऱ्याचा सूर उचलून तो मोठा करणे हे त्याचे काम नव्हे. क्लायस्ट्रॉन नावाची दुसरी नळी ते करू शकत होती, पण फार अरुंद पट्ट्यात.

अशा वेळी या प्रयोगशाळेत एक माणूस येऊन दाखल झाला. त्याच्याकडे पदार्थविज्ञानाची पदवी नव्हती. तो वास्तुविशारद होता, घरे बांधणारा. नाव रुडॉल्फ कॉम्प्फनर. १९०९ साली व्हिएन्नात एका ज्यू कुटुंबात त्याचा जन्म झाला. वास्तुशास्त्र तो तिथेच शिकला. ज्यूंना ऑस्ट्रियात भविष्य उरले नाही हे दिसू लागल्यावर १९३४ साली तो लंडनला आला आणि एका बांधकाम कंपनीत कामाला लागला. पुढे तो तिचा व्यवस्थापकही झाला. पण मन विटा-सिमेंटमध्ये नव्हते. दिवसा इमारतींचे काम आणि संध्याकाळी लंडनच्या पेटंट कार्यालयाच्या ग्रंथालयात जाऊन भौतिकशास्त्र आणि रेडिओवरची पुस्तके-मासिके वाचणे, असा त्याचा क्रम होता. वहीत टिपणे आणि कल्पना लिहून ठेवायचा. शिकवायला कुणी नव्हते आणि परीक्षाही कुणी घेणार नव्हते.

१९४० साली फ्रान्स पडला आणि इंग्लंडमध्ये भीतीची लाट उसळली. जर्मन किंवा ऑस्ट्रियन पासपोर्ट असलेला प्रत्येक माणूस हेर असू शकतो, असे वाटू लागले. सरकारने हजारो जणांना उचलून छावण्यांत टाकले. त्यांत बहुसंख्य हिटलरपासूनच जीव वाचवून पळालेले ज्यू होते. आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन बेटावर काटेरी तारांच्या आड प्राध्यापक, वादक, चित्रकार यांची मोठी वस्तीच तयार झाली. कॉम्प्फनरही त्यांत होता. सरकारी कागदावर त्याची ओळख एकच होती, शत्रुदेशीय परका.

सहाएक महिन्यांनी तो सुटला. आणि मग जे घडले, ते एखाद्या कादंबरीत लिहिले असते तर आपण म्हटले असते, की लेखकाने जरा ओढून-ताणून आणले. ज्या माणसाला सरकारने हेर समजून कोंडले होते, त्यालाच ब्रिटिश नौदल खात्याने बर्मिंगहॅमच्या त्या अतिगुप्त प्रयोगशाळेत कामाला लावले. वहीतली टिपणे आणि रेडिओविषयीची त्याची समज कामी आली. त्याला जे काम दिले होते, ते जॅमिंगचे नव्हतेच. रडारच्या कानाला येणारी कुजबुज फार क्षीण असते. ती स्वतःचा गोंगाट न मिसळता मोठी करून देणारी नळी बनवायची, हे ते काम. क्लायस्ट्रॉनच्या पोकळीत लाट आणि इलेक्ट्रॉन यांची भेट क्षणभरच होते, हे त्याच्या लक्षात आले. ही भेट लांबवता आली तर? दोघांना बरोबरीने चालायला लावले तर?

अडचण अशी, की लाट प्रकाशाच्या वेगाने धावते, सेकंदाला तीन लाख किलोमीटर. अडीच हजार व्होल्टचा धक्का दिलेला इलेक्ट्रॉन तिच्या दहाव्या हिश्श्याने पळतो. घोडा आणि कासव बरोबरीने कसे चालणार? १९४२च्या अखेरीस कॉम्प्फनरला उत्तर सापडले. लाटेला सरळ रस्त्यावरून जाऊ द्यायचेच नाही. तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी करायची आणि लाटेला त्या तारेवरून पळवायची. आमच्याकडून नाशिकला जाताना कसारा घाट लागतो. गाडीचा काटा पळतोय असे दाखवतो, पण वळणे इतकी की नकाशावर गाडी इंचाइंचाने सरकते. लाटेचेही तसेच होते. तारेवरून ती पूर्ण वेगाने धावते, पण पुढे सरकते ती दहाव्या हिश्श्याने. आणि गुंडाळीच्या मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉनांची बारीक धार सोडली, की दोघे बरोबरीने चालू लागतात.

पुढची गंमत अशी. लाट काही इलेक्ट्रॉनांना किंचित पुढे ढकलते, काहींना किंचित मागे ओढते. धारेत त्यामुळे गर्दीचे पुंजके तयार होतात. हे पुंजके लाटेला रेटू लागतात आणि स्वतः थोडे मंदावतात. त्यांचा गेलेला वेग लाटेच्या अंगी लागतो. लाट मोठी झाली की पुंजके आणखी दाटतात, दाटले की लाट आणखी वाढते. जेमतेम वीतभर लांबीच्या प्रवासात आत शिरलेली कुजबुज हजारपट, कधी लाखपट होऊन बाहेर पडते. १९४३ साली कॉम्प्फनरची पहिली नळी चालली. तिला ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब म्हणतात, म्हणजे चालत्या लाटेची नळी. तिच्यात सूर धरून ठेवणारी पोकळी नसल्यामुळे तिला कुठल्याच एका सुराचे प्रेम नाही. रुंद पट्ट्यातला कुठलाही सूर तिला चालतो.

इतिहासाच्या न्यायासाठी हेही सांगायला हवे, की कल्पना याआधी दोघांना सुचून गेली होती. आंद्रेई हाफ या रशियातून परागंदा झालेल्या तरुणाने १९३३ साली अमेरिकेत तशा नळीच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि आरसीए कंपनीच्या निल्स लिंडेनब्लाड यांनी १९४० साली. पण दोघांच्याही नळ्या फार पुढे गेल्या नाहीत आणि कॉम्प्फनरला त्यांची खबरही नव्हती. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे जॉन पिअर्स बर्मिंगहॅमच्या कामाविषयी कळताच तिच्यामागे लागले आणि त्यांनी तिचे गणित मांडले. हे पिअर्स विज्ञानकथाही लिहीत आणि ट्रान्झिस्टर हा शब्दही त्यांनीच सुचवलेला. पुढे १९५१ साली कॉम्प्फनर त्यांच्याकडेच गेला. १९६२ साली टेलस्टार उपग्रहाने अटलांटिकच्या पलीकडे टीव्हीचे चित्र पोहोचवले, तेव्हा त्याच्या पोटात याच घराण्यातली नळी होती. १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरही ती आहे. त्याच वर्षी कॉम्प्फनरचे निधन झाले.

पण शांततेच्या कामाइतकीच ती युद्धाच्या कामालाही लागली, आणि तिथे आपण मघाशी सोडून दिलेला जॅमिंगचा दुसरा, कावेबाज प्रकार येतो. या नळीला शत्रूच्या रडारची लाट जशीच्या तशी दिली, तर ती तिला हजारपट करून परत देते, तोच सूर, तोच ढंग. मग जॅमरवाल्याने एवढेच करायचे. आधी शत्रूची लाट आली की लगेच मोठी करून परत पाठवायची. रडार म्हणते, वा, हा प्रतिध्वनी स्पष्ट आहे, याच्यावरच नजर ठेवू. मग प्रत्येक वेळी परत पाठवायला सेकंदाचा अतिसूक्ष्म अंश उशीर करत जायचे. रडारच्या पडद्यावरचे जहाज हळूहळू दूर सरकू लागते. खरे जहाज जिथल्या तिथे आणि क्षेपणास्त्र धावते रिकाम्या पाण्याकडे. गोंगाटाने ऐकणाऱ्याला निदान कळते तरी, की आपले कान बंद केले आहेत. इथे त्याला कळतही नाही. त्याच्याच शब्दांत, त्याच्याच सुरात कुणी त्याला खोटे सांगत असते.

हे वाचताना मला आमच्या गावाची आठवण येते आणि ती टाळता येत नाही. मे १९८४मध्ये भिवंडीत दंगल झाली. दंगलीचे अर्धे काम अफवा करते. अफवेचा सूरही नेहमी आपल्याच माणसाचा असतो, म्हणून तर ती खरी वाटते. १९८८नंतर सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त असताना भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्हीकडची माणसे दर काही दिवसांनी एकत्र बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. रडारचे अभियंते खोट्या प्रतिध्वनीवर जो उतारा सांगतात, तो याहून वेगळा नाही. एकाच कानावर विसंबू नका, दुसऱ्या ठिकाणाहून ताडून पाहा. शेजाऱ्याचा आवाज ओळखीचा असला, की त्याच्या नावाने आलेला खोटा आवाज पकडता येतो.

आता आपल्या देशाकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर इलेक्ट्रॉनिक्सचा पाया लवकर घातला गेला. राजस्थानात पिलानी येथे सीरी या संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंनी १९५३ साली बसवली. १९५४ साली बंगळूरला भारत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे बीईएल सुरू झाली. हैदराबादेत १९६१ साली संरक्षण खात्याची जी प्रयोगशाळा निघाली, तिच्याकडे पुढे इलेक्ट्रॉनिक युद्धाचे काम आले. या कामातले एक फळ आपल्या माझगाव गोदीत बांधलेल्या जहाजांवर चढले. १९८३ साली नौदलात आलेली गोदावरी आणि १९९७ साली आलेली दिल्ली या जहाजांवर शत्रूच्या रडारचा कानोसा घेणारी जी यंत्रणा होती, तिचे नाव अजंता. नंतरच्या एका यंत्रणेचे नाव एलोरा. आपल्या अजिंठा-वेरूळच्या लेण्यांची नावे युद्धनौकेच्या कानांना मिळाली, याचे मला आधी नवल वाटले. मग वाटले, ठीकच आहे. तिथेही माणसे अंधारात बसून, मन एकाग्र करून, काही ऐकत होती.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. अजंता हा कान होता. त्याच जहाजांवर शत्रूला उलट बोलणारा जो जॅमर होता, तो इटलीच्या इलेत्रोनिका कंपनीचा. कान आपले, वाचा उसनी. हे काही योगायोगाने झाले नाही. ऐकण्यासाठी बारीक विजेवर चालणारे भाग पुरतात. बोलण्यासाठी ताकद लागते आणि ताकदीसाठी ती नळी लागते. आणि नळी ही अशी वस्तू आहे, की जी विकत मिळते, पण तिची कला विकत मिळत नाही.

का मिळत नाही, ते सांगतो. दोन-तीन मिलिमीटर व्यासाची टंगस्टनची किंवा मॉलिब्डेनमची गुंडाळी कल्पून पाहा. आमच्या मागावरच्या कांडीवर सूत गुंडाळतात, तशीच, पण दोन फेऱ्यांतले अंतर केसाएवढेही चुकता कामा नये. चुकले तर लाट आणि इलेक्ट्रॉन यांची पावले जुळत नाहीत. ही गुंडाळी सिरॅमिकच्या बारीक काड्यांनी नळीत घट्ट धरायची, म्हणजे तिच्यातली उष्णता बाहेर पडेल. इलेक्ट्रॉन सोडणारे टोक हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापते आणि त्याने हजारो तास तसेच तापत राहायचे. धार भिंतीला न लागता मधोमध जावी, म्हणून बाहेरून चुंबकांच्या कड्यांची माळ. गुंडाळीच्या मध्यावर लाट थोडी शोषून घेणारा लेप, नाहीतर लाट मागे फिरते आणि नळी स्वतःशीच किंचाळू लागते. हे सगळे धातू आणि सिरॅमिक यांच्या अशा सांध्यांनी जोडायचे, की आत हवेचा दाब वातावरणाच्या अब्जांशाहून कमी राहील, वर्षानुवर्षे. विमानात बसवली तर हादरे, थंडी आणि उकाडा सोसून. बोटाचा ठसा उमटला तरी निर्वात बिघडतो. पुस्तकात यातले सगळे लिहिलेले असते, फक्त हात लिहिलेला नसतो. तो हात शंभर नळ्या फुकट गेल्यावर तयार होतो.

तो हात तयार करण्यासाठी १९८४ साली संरक्षण संशोधन संघटनेने बंगळूरला, बीईएलच्याच आवारात, मायक्रोवेव्ह नळ्यांचे संशोधन केंद्र काढले. एमटीआरडीसी हे त्याचे नाव. गुंडाळीवाल्या नळ्या, मोठ्या रडारसाठी जोडपोकळ्यांच्या नळ्या, आणि छोटी नळी, तिचा वीजपुरवठा व अर्धवाहक अॅम्प्लिफायर एकाच डब्यात बसवलेली संयुक्त यंत्रे, असे काम तिथे वर्षानुवर्षे चालत आले. पिलानीच्या सीरीत उपग्रहांसाठीच्या नळ्यांवर काम झाले. १९९८ साली पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकेने संरक्षण संशोधन संघटनेला आणि तिच्या प्रयोगशाळांना निर्बंधांच्या यादीत टाकले, तेव्हा हे केंद्र का काढले होते, हे कुणाला वेगळे समजावून सांगावे लागले नाही. निर्बंध आले की उसनी वाचा आधी जाते.

त्याच १९८४ साली आपल्या मुंबईतही एक गोष्ट घडली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९७७पासून मायक्रोवेव्ह उपकरणांचा एक विशेष विभाग होता. त्यातून समीर ही स्वतंत्र संस्था जन्मली. पवईला, आयआयटीच्या आवारात ती आहे. तिथल्या मंडळींनी या विद्येला वेगळे वळण दिले. मायक्रोवेव्ह लाट इलेक्ट्रॉनांकडून ताकद घेते, हे आपण पाहिले. उलटही करता येते. लाटेनेच इलेक्ट्रॉनांना ताकद द्यायची, त्यांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगापर्यंत पळवायचे आणि जड धातूवर आपटून क्ष-किरण काढायचे. कर्करोगावर उपचार करणारे लिनॅक यंत्र ते हेच. रडारमध्ये गर्जणाऱ्या मॅग्नेट्रॉनचाच भाऊबंद त्याला ताकद पुरवतो. समीरने बनवलेल्या एका यंत्राचे नाव सिद्धार्थ. नव्वदच्या दशकाच्या आरंभी पहिले यंत्र चंडीगडच्या पीजीआय रुग्णालयात लागले. पुढे एक आपल्या वर्ध्याजवळ सेवाग्रामला, कस्तुरबा रुग्णालयात आले. गांधीजींच्या गावात, जिथे शस्त्राचे नाव काढू नये, तिथे युद्धासाठी वाढलेल्या विद्येचे यंत्र गोरगरिबांच्या गाठी जाळत बसले. यात विरोध दिसत असेल तर तो माणसाच्या मनातला आहे. नळीला शत्रू-मित्र काही कळत नाही.

आज गॅलियम नायट्राइडचे अर्धवाहक आले आहेत आणि कमी ताकदीच्या जागा ते एकेक करून काबीज करत आहेत. घराघरातल्या रेडिओतून व्हॉल्व्ह गेले, तसे हेही जाईल असे पुष्कळदा भाकीत झाले. पण जिथे रुंद पट्टा आणि मोठी ताकद एकदम लागते, तिथे ही नळी अजून टिकून आहे. ऐंशी वर्षे झाली तिला. आमच्या भिवंडीतल्या जुन्या मागांसारखेच आहे हे. नवे यंत्र येते, तरी जुन्यावर हात बसलेला कारागीर काही कामांसाठी लागतोच.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोठी वाटते ती ना नळी, ना क्षेपणास्त्र. मला मोठी वाटते ती त्या बेटावरच्या छावणीची आणि त्या प्रयोगशाळेची जवळीक. दोन्हींमध्ये अंतर होते फक्त एका सरकारी निर्णयाचे. कॉम्प्फनरला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले ते १९४७ साली. म्हणजे त्या देशाच्या सर्वांत नाजूक गुपितावर तो काम करत होता, तेव्हा तो कायद्याने परकाच होता. त्याला छावणीतच ठेवले असते, तर कुणी जाब विचारला नसता. युद्धाच्या दिवसांत असे हजारो निर्णय होतात आणि कुणाच्या वहीत काय होते, हे कधी कळतही नाही. देशाची ताकद आपण तोफांच्या संख्येवर मोजतो. संशयाच्या यादीतून एखाद्या माणसाचे नाव काढून त्याला कामाच्या टेबलाशी बसवण्याची जी हिंमत असते, तिचीही कुठेतरी मोजदाद व्हायला हवी.